टास्कचॅम्पियन सिंक सर्व्हर: डॉकर, बकेट की सरळ बायनरी?

टास्कवॉरियर, म्हणजे टर्मिनलमधून कामांची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर, त्याचं ३.० मार्च २०२४ मध्ये आलं आणि यादी सगळ्या डिव्हाइसवर सारखी ठेवणारा जुना सिंक सर्व्हर टास्कडी गेला, गेला ते बरंच झालं. त्याची ती सर्टिफिकेटं, सर्व्हरचं वेगळं क्लायंटचं वेगळं, एक्सपायर झालं की परत पहिल्यापासून… नको रे बाबा. आता त्याच्या जागी टास्कचॅम्पियनचा सिंक सर्व्हर आहे, रस्ट या भाषेत लिहिलेला, आणि तो कसा चालवायचा यावर लोक उगाच डोकं शिणवतात असं माझं मत.

मुळात हा सर्व्हर करतो काय? फारसं काहीच नाही. तुमची टास्क लॅपटॉपवरच एन्क्रिप्ट होऊन निघतात, सर्व्हरला मिळतो तो न वाचता येणारा डेटा, तो ओळीने साठवायचा आणि दुसऱ्या डिव्हाइसने मागितला की द्यायचा, संपलं काम. अख्खी यादी प्रत्येक डिव्हाइसवर असतेच. मग एका माणसाच्या यादीसाठी पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस कशाला? पोस्टग्रेसची सोय आहे, पण ती बऱ्याच युजर्सना सर्व्हिस देणाऱ्यांनी बघावी, आपल्याला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल भरपूर झाली.

सर्व्हरच नको असेल तर ॲमेझॉनच्या एस३ किंवा गूगल क्लाउडच्या बकेटमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या ऑनलाइन साठवणीत, थेट सिंक होतं. सोपं आहे, पण मग सेल्फ-होस्ट, म्हणजे आपलं आपणच चालवणं, कसलं!

बाकी सगळं आधीच डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) चालत असेल तर हेही तिथेच टाका, फक्त डेटा टिकवणारा व्हॉल्यूम नीट जोडलाय ना ते बघा. मी स्वतः सरळ बायनरी (थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल), ती आपोआप सुरू ठेवायला लिनक्सच्या सिस्टमडीची छोटी युनिट फाइल आणि पुढे कॅडी हा वेब सर्व्हर, असं ठेवलंय. कॅडी लागतोच कारण हा सर्व्हर स्वतः टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) करत नाही, तो साधं एचटीटीपी बोलतो. आणि अलाऊ-क्लायंट-आयडी हा ऑप्शन विसरू नका, त्यात आपला क्लायंट आयडी (यूयूआयडी, म्हणजे एक लांबलचक युनिक ओळख क्रमांक) दिला की दुसरं कोणी येऊन तुमच्या डिस्कवर स्वतःचा डेटा टाकू शकत नाही.

खरी काळजी घ्यायची ती एन्क्रिप्शन सीक्रेटची, म्हणजे ज्या गुप्त शब्दाने टास्क एन्क्रिप्ट होतात त्याची. क्लायंट आयडी आणि सीक्रेट, दोन्ही सगळ्या डिव्हाइसवर सेम लागतात, आणि सीक्रेट हरवलं तर सर्व्हरवरचा डेटा कोणालाच उघडता येणार नाही, तुम्हालाही नाही. बरेच जण टास्कआरसी, म्हणजे टास्कवॉरियरची सेटिंग फाइल, डॉटफाइल्सच्या (आपल्या सेटिंग फाइल्सच्या) पब्लिक रेपोत ठेवतात आणि सीक्रेटसुद्धा त्यातच असतं, कपाळ! सीक्रेट वेगळ्या फाइलमध्ये काढा, टास्कआरसीत ती इन्क्लूड करा आणि एक कॉपी पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका.

आणखी एक, रिकरिंग, म्हणजे ठरावीक काळाने परत येणारी टास्क वापरत असाल तर रिकरन्स हे सेटिंग एकाच डिव्हाइसवर ऑन ठेवा, बाकीकडे ऑफ, नाहीतर एकच काम दोनदा यादीत दिसतं आणि शिव्या बिचाऱ्या सर्व्हरला बसतात.