एका ओळीसाठी पाच महिने: महिला मंडळाचं बँक खातं उघडतानाचा माझा अनुभव

पासबुक हातात आलं त्याला आता बरेच दिवस झाले, तरी त्या ठरावाचा विषय निघाला की माझा आवाज चढतोच. दुसऱ्या कुठल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांना खातं उघडायचं असेल तर त्यांचे पाच महिने तरी वाचावेत, म्हणून लिहिते आहे.

आमची मंडळी कोल्हापूरकडची, जुन्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभी राहिलेली. कारभाराचं वळण अजून तेच. पाळक (पाद्री) आणि मंडळीने निवडून दिलेले वडील (एल्डर, म्हणजे चर्चचे कारभारी) मिळून सेशन, आणि सेशनच्या वहीत उतरल्याशिवाय कुठलीही गोष्ट पक्की नाही. मी महिला मंडळाची खजिनदार. घरप्रार्थनेतलं दान, हंगामाच्या सणाला विकलेली लोणची-पापड आणि लीस्ट कॉइनची नाणी, सगळं माझ्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात. 2023 च्या जूनमध्ये मोजले तर 14,320 रुपये निघाले. यजमान म्हणाले, "उद्या घरात चोरी झाली तर मंडळीला काय सांगशील?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

लीस्ट कॉइन काय ते आमच्यातल्या नव्या सुनांनाही माहीत नसतं, म्हणून सांगते. 1956 साली शांती सॉलोमन या आपल्या भारतातल्या बाई प्रेस्बिटेरियन बायकांच्या एका पथकाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर होत्या. कोरियाचा व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे त्या फिलिपिन्समध्येच थांबल्या. युद्धाने दुखावलेल्या देशांमध्ये समेट कसा व्हावा हा विचार तिथे त्यांच्या मनात घोळत होता. ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि दर प्रार्थनेला आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवायचं, अशी कल्पना त्यातून निघाली. गरीब-श्रीमंत सगळ्यांचं देणं सारखं. आज कितीतरी देशांतल्या बायका हे करतात.

तर खातं. नोंदणी नसलेल्या मंडळाचंही खातं निघतं, हे आधी लक्षात ठेवा. बँकेला लागतो ठराव, मंडळाच्या नावाचं पॅन आणि सह्या करणाऱ्यांचे आधार, पॅन, फोटो. पॅनचं काम सरळ झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ठरावावर मात्र आमचं गाडं अडलं.

जूनच्या सेशनने ठराव केला: "महिला मंडळाचे बँकेत खाते उघडावे." सूचक, अनुमोदक, पाळकसाहेबांची सही, शिक्का, सगळं होतं. बँकेतल्या मुलीने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "ताई, खातं चालवणार कोण, ते कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. एक ओळ कमी होती. मला वाटलं, रविवारी उपासनेनंतर लिहून घेऊ. पण सेक्रेटरी काका म्हणाले, झालेल्या ठरावात मागाहून भर घालता येत नाही, पुन्हा सभेपुढे आणावं लागेल. ते बरोबरच होतं, आज मला पटतं. जुलैची सभा कोरमअभावी झाली नाही. ऑगस्टमध्ये पाळकसाहेब बाहेरगावी होते, आणि अध्यक्षस्थानी पाळक नसले तर सेशन भरत नाही.

सप्टेंबरमध्ये सभा भरली. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. सेक्रेटरी काका म्हणत होते, "एक सही वडिलांपैकी कुणाची तरी असू द्या. बायकांना बँकेतलं काय कळतंय?" माझे कान तापले. ज्या बायकांनी सणाच्या आदल्या रात्री चारशे पापड लाटले, मयताच्या घरी चूल पेटवली, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली, त्यांच्या पैशावर त्यांची सही चालत नाही? निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. त्या रात्री मी डब्यात नाणं टाकलं ते त्याच काकांसाठी. हात जड झाला होता, पण टाकलं.

ऑक्टोबरच्या सभेला आमच्या एकुलत्या एक स्त्री वडील, निवृत्त शिक्षिका बाई, महिला मंडळाची जुनी वही घेऊन गेल्या. कापडी पुठ्ठ्याची, पानं पिवळी पडलेली. त्यांनी एक पान उघडून टेबलावर ठेवलं: "गूळ 1 रु. 20 पै., चहापूड 85 पै., शिल्लक 6 रु. 45 पै." खाली दोन बायकांच्या सह्या आणि एकीचा अंगठा. मग त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांनी आपल्याला मिशन दिलं, त्या अमेरिकेतल्या चर्चने 1930 सालीच बायकांना वडील केलं. आणि मिझोराममधल्या बायका 1910 पासून दर जेवणाला मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीचं काम चालवतायत. आपण सहीवर अडलोय." कुणी काही बोललं नाही. ठरलं ते असं: अध्यक्षा, सेक्रेटरी आणि खजिनदार या तिघींपैकी कुणाही दोघींची संयुक्त सही, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सेशनपुढे. हिशेब दाखवण्याची अट मला मनापासून मान्य आहे. मंडळीचा पैसा मंडळीला दिसायलाच हवा.

तेव्हा ठराव लिहून घेतानाच त्यात मंडळाचं नेमकं नाव (पॅनवर जसं असेल अगदी तसंच), तिघींची पूर्ण नावं आणि "कोणत्याही दोघींच्या संयुक्त सहीने" हे शब्द आहेत का ते बघा. पदाधिकारी बदलल्या की नवा ठराव लागतो, हेही आत्ताच वहीत टिपून ठेवा. आणि ठरावाच्या दोन नकला घ्या. आमची एक बँकेत राहिली आणि दुसरीसाठी मला पुन्हा काकांच्या घरी जावं लागलं. त्यांनी चहा पाजला, नक्कल स्वतःच्या हाताने लिहून दिली.

नाण्यांचं सांगायचं राहिलं. शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून न्या, काउंटरवर वेळ वाचतो. पन्नास पैशांचं नाणं अजून चलनात आहे, कुणी नाही म्हणालं तर शांतपणे सांगा. 2011 साली बंद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची. आमच्या पिशव्यांत पन्नास पैशांची अकरा नाणी होती. कॅशियरने ती वेगळी काढली, मोजली आणि स्लिपवर लिहिलं: 5 रुपये 50 पैसे.