मदतनिधीचं गाणं आणि एका पानाची एनओसी : माझा अनुभव

पूरग्रस्तांसाठी अनेक नामवंत गायकांचं एक मराठी गाणं करायचं ठरलं, तेव्हा संगीत संयोजन आणि कागदपत्रं ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. शब्द, चाल, वादक, स्टुडिओ सगळं भराभर जमलं. गायक तर हाक मारायचा अवकाश, हो म्हणाले. मानधनाचा विषयही कोणी काढला नाही. घोडं अडलं ते एका म्युझिक कंपनीच्या लीगल खात्यात. आवाज रेकॉर्ड होऊन पडलेले, लोकांना पैशांची गरज आत्ता, आणि आम्ही एका पानाच्या ना-हरकत पत्रासाठी ताटकळत बसलेलो. तो संताप अजून उतरलेला नाही. पुढे कोणी असं गाणं करायला घेतलं तर त्यांचा हा वेळ वाचावा, म्हणून लिहिते आहे.

आधी एनओसी लागते कशाला ते सांगते. अनेक गायकांचा एखाद्या कंपनीशी एक्स्क्लुझिव्ह करार असतो. चित्रपटातल्या गाण्यांना त्यातून बहुतेक वेळा सूट असते, पण स्वतंत्र सिंगलला नसते, आणि मदतनिधीचं गाणं कागदोपत्री स्वतंत्र सिंगलच ठरतं. गायक मनाने हो म्हणाला तरी त्याचा आवाज त्या मुदतीत कंपनीकडे बांधलेला असतो. म्हणून अगदी पहिल्या फोनवर एकच प्रश्न विचारा, ‘सध्या कुणाशी एक्स्क्लुझिव्ह करार आहे का, आणि कधीपर्यंत?’ ‘मी बोलतो त्यांच्याशी, काळजी करू नका’ हे उत्तर प्रेमाने दिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. गायक बोलतो तो कंपनीतल्या गाणी निवडणाऱ्या माणसाशी. तो फोनवर ‘हो हो, चांगलं काम आहे’ म्हणतो आणि विसरतो. सही करणारं खातं वेगळं, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

आमचं त्रांगडं असं झालं. लीगल म्हणालं, ‘अंतिम गाणं पाठवा, ऐकून मग ठरवू.’ पण कुणाचा आवाज राहणार आणि कुणाचा नाही हेच नक्की नसेल, तर अंतिम मिक्स करायचं कसं? परत मेल केला की नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. यातून सुटका झाली ती एका तक्त्यामुळे. प्रत्येक गायकाची नेमकी ओळ, तिची वेळ आणि प्रकार त्यात लिहिले: ‘दुसरा अंतरा, तिसरी ओळ, १ मिनिट ४८ सेकंद ते १ मिनिट ५९ सेकंद, एकल आवाज; शेवटचं ध्रुवपद, समूहात.’ सोबत गाण्याचे पूर्ण शब्द आणि डमी, म्हणजे नमुन्यादाखल गायलेल्या, आवाजातला ट्रॅक जोडला. कंपनीला भीती असते ती आपल्या गायकाच्या नावावर सगळं गाणं विकलं जाण्याची. अकरा सेकंद हा आकडा डोळ्यांसमोर आला की ती भीती बरीच कमी होते.

पत्राचा मसुदा तुम्हीच करा. ‘तुमच्या फॉर्मॅटमध्ये द्या’ असं सांगितलं की ते काम त्यांच्या ढिगाऱ्यात सर्वांत खाली जातं. मसुद्यात एवढं हवंच: गाण्याचं नाव; गायकाचं नाव; मास्टर, म्हणजे मूळ अंतिम रेकॉर्डिंग, कुणाच्या मालकीचा (आमच्याकडे नोंदणीकृत ट्रस्टचा); कुठल्या माध्यमांवर प्रसिद्ध होणार; नाव आणि फोटो कुठे वापरणार; उत्पन्न कुठल्या खात्यात जाणार; मुदत आणि क्षेत्र. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास गाळतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी गाणं ऐकावं, वाजवावं असं वाटत असेल, तर ‘संपूर्ण जग, कॉपीराइटची पूर्ण मुदत’ असे शब्द हवेत. गाण्याचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, अपलोड करताना जसं लिहिणार तसंच घाला. पत्रात एक स्पेलिंग आणि डिस्ट्रिब्यूटरकडे (गाणं ऑनलाइन माध्यमांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) दुसरं असलं की पत्र परत येतं, आणि मग पुन्हा तीच सही, तोच शिक्का.

त्यांच्याकडून येणाऱ्या मागण्यांपैकी ‘सौजन्य’ म्हणून कंपनीचं नाव देणं बिनधास्त मान्य करा. त्यांच्या गायकाचा फोटो पोस्टरवर इतरांपेक्षा मोठा नको, हेही रास्तच आहे. ‘गाणं आमच्याच चॅनलवर येऊ द्या’ याला मात्र ठाम नकार द्या. मग पैसे त्यांच्या हिशेबातून, त्यांच्या वेळापत्रकाने येतात, आणि निधीला ते परवडत नाही.

आणखी एक गाठ गीतकार-संगीतकारांची. आमच्या पहिल्या मसुद्यात वकिलांनी ‘सर्व रॉयल्टीचा हक्क कायमचा सोडत आहे’ असं वाक्य घातलं होतं. हेतू चांगला, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ नुसार गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला समान वाटा असा सोडून देता येत नाही; तो वारसांच्या किंवा रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीच्याच नावे करता येतो. कंपनीच्या लीगलने नेमकं याच वाक्यावर बोट ठेवलं आणि सगळी फाईल पुन्हा तळाला गेली. योग्य मार्ग असा की सोसायटीकडून येणारा वाटा त्यांनी स्वतःच्या खात्यात घ्यावा आणि मग ट्रस्टला देणगी म्हणून द्यावा. तसं साधं संमतिपत्र वेगळं करा, मुख्य करारात घुसडू नका.

पत्र येईलच असं धरून चालू नका. ज्या ओळीची परवानगी लटकली आहे, ती त्याच पट्टीत दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन ठेवा, आणि दोघांनाही तसं आधीच सांगा. यात कुणाचा अपमान नाही. १९८५ साली ‘वी आर द वर्ल्ड’ या अमेरिकन गायकांच्या मदतनिधीच्या गाण्याच्या वेळी गायक प्रिन्स आलाच नाही, आणि त्याच्यासाठी राखलेली ओळ ह्यूई लुईस गायला. आम्ही कंपनीला तारीख कळवली, ‘या दिवशी सायंकाळपर्यंत पत्र आलं नाही तर पर्यायी आवाज वापरू.’ त्यानंतरच पत्र आलं. ही तारीख पहिल्याच मेलमध्ये टाकायला हवी.

‘वी आर द वर्ल्ड’मधल्या एकल आणि समूह आवाजांचा मोठा भाग एका रात्रीत, २८ जानेवारीला, हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत झाला, कारण एका पुरस्कार सोहळ्यासाठी कलाकार लॉस एंजेलिसमध्येच होते. डमीच्या कॅसेट त्यांना आधीच पोचल्या होत्या, आणि कुणी कुठे उभं राहायचं ते जमिनीवर नावांच्या पट्ट्या चिकटवून ठरवलं होतं. त्याआधी लंडनला बँड एड या गायकांच्या गटाचं मदतनिधीचं गाणं २५ नोव्हेंबर १९८४ रोजी रेकॉर्ड झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानांत होतं. स्टुडिओ २४ तासांसाठी फुकट मिळाला होता. आपल्याकडे सगळ्यांच्या तारखा एकत्र जुळणं कठीण, त्यामुळे जो तो आपापल्या स्टुडिओत गातो. मग सूचना अगदी काटेकोर हव्यात.

ट्रॅक वेव्ह फाईलमध्येच पाठवा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपीथ्रीच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा येते, आणि त्यावर गायलेली ओळ मूळ ट्रॅकवर ठेवली की तालाला किंचित मागे पडते. कुणी ४४.१ वर रेकॉर्ड केलं आणि ती फाईल रूपांतर न करता ४८ समजून वाजवली, तर आवाज साधारण दीड सेमीटोन चढतो. परत येणारी फाईल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झालेली हवी, तीन-चार टेक वेगवेगळे, रिव्हर्ब (घुमारा) आणि पिच करेक्शन (सुराची दुरुस्ती) न लावता. आवाजाचं टोक उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सगळे आवाज कोरडे आले तरच एकाच खोलीत गायल्यासारखे बसवता येतात.

पट्टीचा प्रश्न चाल बांधतानाच सोडवायचा. हार्मोनियमवर पुरुष साधारण काळी एक-पांढरी दोनला गातात, स्त्रिया काळी चारला. आम्ही षड्ज पांढरी दोनचा धरला. पुरुषांच्या ओळी मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंत ठेवल्या आणि स्त्रियांच्या मध्य पंचमापासून तार पंचमापर्यंत. ध्रुवपद मात्र सगळ्यांना पेलेल असं सहा-सात स्वरांतच फिरवलं. मधेच पट्टी बदलायचा मोह टाळलेला बरा, कारण त्यामुळे कोरसचे निम्मे आवाज निकामी होतात.

पैशांबद्दल, गायकांना नीट समजावून सांगायची गोष्ट: मानधन सोडणं ही आयकरात सवलत मिळणारी देणगी ठरत नाही, सवलत प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवरच मिळते, आणि दोन हजारांवरची रोकड चालत नाही. मानधन घेऊन मग दान केलं तर ते आधी उत्पन्नात धरलं जातं, आणि सवलत निम्मीच असेल तर उलट कर भरावा लागतो. सरळ विनामूल्य गाणंच बरं. डिस्ट्रिब्यूटर रॉयल्टीतून दहा टक्के टीडीएस कापतो, तेव्हा ट्रस्टने कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं. बँड एडच्या वेळी ब्रिटिश सरकारनेही गाण्याच्या विक्रीवरचा व्हॅट सोडायला आधी नकारच दिला होता. लोकांचा रेटा वाढल्यावर तेवढीच रक्कम निधीला दिली.

ट्रस्टच्या यूट्यूब चॅनलला डिस्ट्रिब्यूटरच्या कंटेंट आयडीमधून (गाणं ओळखून आपोआप मालकीचा दावा लावणाऱ्या व्यवस्थेतून) वगळून घ्या, नाहीतर आपल्याच गाण्यावर आपल्याला दावा येतो. गायकांच्या जुन्या प्रोफाईलच्या लिंक अपलोड करतानाच द्या, म्हणजे गाणं सारख्या नावाच्या भलत्याच माणसाच्या पानावर जात नाही. आणि श्रेयनामावली आडनावांच्या अकारविल्हे लावणार, हे सगळ्यांना पहिल्याच पत्रात कळवा. आमच्याकडे त्यावर एकदाही वाद झाला नाही.