पगार घेता, मग समाजसेवा कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, बसमध्ये, तहसील कचेरीच्या बाकावर हा प्रश्न मला कायम विचारला जातो. हो, मी पगार घेते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात वनहक्काचं, म्हणजे गावांना त्यांच्या जंगलावरचा कायदेशीर हक्क मिळवून द्यायचं काम करते, खोलीचं भाडं देते, आईची औषधं आणते. शिक्षकाने पगार घेतला तर त्याच्या शिकवण्यावर कोणी शंका घेत नाही.

लगेच पुढचं येतं: याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात जंगलाच्या हक्कासाठी झटलेल्या देवाजी तोफांना कोण पगार देत होतं? त्यांचं ते स्वतःचं गाव, स्वतःचं जंगल. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क मिळाला, त्यामागे कितीतरी वर्षांचे अभ्यासगट आणि सर्वसहमतीची सवय होती. मी नागपूरहून आलेली. माझी इथे शेती नाही, मोहाचं झाड नाही. त्यांच्याशी माझी तुलना करू नका. बिनपगारी कामाचा आग्रह मीही एके काळी धरायची. कॉलेजातून शिबिराला गेले तेव्हा पगारी कार्यकर्त्यांकडे मी तुच्छतेने पाहिलं होतं. ती मुलगी, म्हणजे तेव्हाची मी, वडिलांच्या पेन्शनवर जेवत होती, हे तिला दिसत नव्हतं. तरी ती पूर्ण चुकीची होती असंही मला म्हणवत नाही.

कारण 2020 साली जे झालं त्यात तिचाच प्रश्न माझ्यापुढे आला. आमच्या छोट्या संस्थेला एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी देणगीतला वाटा यायचा. त्या सप्टेंबरात कायदा बदलला. असा निधी एका संस्थेने दुसरीला द्यायचाच नाही, असं ठरलं. माझा पगार थांबला. आणि एका गावाचा सामूहिक दावा तेव्हा दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडून त्रुटी काढून परत आला होता. म्हाताऱ्यांना घेऊन सीमा पुन्हा फिरायच्या होत्या, गावाचे जंगलावरचे जुने वापरहक्क नोंदलेल्या निस्तार पत्रकाची प्रत मिळवायची होती, प्रत्येक कागदाची पोच घ्यायची होती.

ग्रामसभेत मी सांगितलं की महिनाभरात मला जावं लागेल. बराच वेळ गोंडीत बोलणं चाललं, मला अर्धंच कळलं. मग एकजण मराठीत म्हणाला, तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या रॉयल्टीतून ताईला महिन्याचे पैसे देऊ. मी नाही म्हणाले. ते पैसे भर मे महिन्याच्या उन्हात पानं तोडून आलेले होते. समोर बसलेली एक आजी उठली. "परदेशाचा पैसा घेत होतीस. आमचा चालत नाही?" मी काही बोलू शकले नाही. ती बसली नाही. उत्तर येईपर्यंत उभी राहिली. शेवटी मी हो म्हणाले, आणि ठरावाच्या वहीत रकमेसह माझं नाव लिहिलं गेलं.

नागपूरला मामाने ऐकलं आणि म्हणाला, "आता आदिवासींकडूनच घेतेस?" त्या वाक्याने मी आजही रात्री जागी होते. त्याला माझ्याकडे तयार उत्तर आहे: जो पैसे देतो तोच हिशेब मागतो, आणि माझा हिशेब आता गावासमोर मोठ्याने वाचला जातो. दिवाळीला आठ दिवस घरी का होतीस, हे मला तिथेच एका पोराने विचारलं. देणगीदाराने असं कधी विचारलं नव्हतं.

पण हे उत्तर पुरत नाही. नंतर त्याच ग्रामसभेने एका ठेकेदाराला फार कमी भावात बांबू द्यायचं ठरवलं, तेव्हा मी विरोध केला, पण एकदाच. आधीचे पैसे असते तर मी तीन बैठका अडून बसले असते का? मला वाटतं, असते. बाहेरच्या पैशाने मला गावाशी भांडायची मोकळीक दिली होती आणि गावाच्या पैशाने मला गावाचं केलं. दोन्ही मला हवं आहे, आणि दोन्ही एकत्र कसं मिळवायचं ते मला सापडलेलं नाही.

तेव्हा पुढच्या लग्नात विचाराल तर उत्तर हेच. घेते. आणि कमी पडतो. आईची औषधं महागली आहेत. यंदाचा तेंदू हंगाम संपून हिशेब वाचला गेला की मी त्याच वहीत वाढीचा अर्ज मांडणार आहे. ग्रामसभा नाही म्हणाली तर काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.