घरी शिवलेलं टार्प: सगळा जीव आढ्याच्या शिवणीत

ट्रेकसाठी हलकं टार्प, म्हणजे मुक्कामाला दोऱ्यांनी ताणून बांधायचं कापडी छत, घरी शिवता येतं, आणि चांगलं शिवता येतं, हे मी खात्रीने सांगतो. कडा दुमडणं, नाड्या लावणं ही कामं साधी पिशवी शिवणाऱ्यालाही जमतात. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: दोन पन्हे जोडणारी मधली, आढ्यावरची तीन मीटरची शिवण. माझी सगळी चिडचिड तिथेच झाली, म्हणून मुख्यतः तिच्याबद्दलच लिहितो.

आधी कापड. ३० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सिलिकॉन लेपाचं रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून चौकटी विणलेलं नायलॉन, ५८ इंच पन्ह्याचं, सहा मीटर. वजन चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे जोडले की साधारण २.९ बाय २.८ मीटरचं छत होतं, दोघांना सामानासकट पुरतं. ओलं झालं की नायलॉन सैल पडतं, रात्री एकदा उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर मिळालं तर हा त्रास बराच कमी. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणतो आणि थांबतो, लेप कशाचा ते सांगत नाही. छत्री-रेनकोटचं कापड बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचं असतं. सेलोटेपचा तुकडा दोन्ही बाजूंना दाबून बघा: सिलिकॉनवर तो धरतच नाही. ही परीक्षा विकत घेण्याआधीच करा, कारण पुढे शिवण बुजवायला काय वापरायचं ते यावरच ठरतं.

आता आढं. ही कड सरळ कापली तर टार्प कितीही ताणलं तरी मध्ये झोल राहतो आणि वाऱ्यात फडफडतो. म्हणून दोन्ही तुकड्यांची आढ्याकडची कड आत वाकवून कापायची. तीन मीटरला मध्यभागी ६ सेंमी खोली पुरते. टोकाला शून्य, ३७.५ सेंमीवर २.६, ७५ वर ४.५, ११२.५ वर ५.६ आणि १५० वर ६. पुढे याच क्रमाने उतरत दुसऱ्या टोकाला शून्य. खुणा बाकदार रेषेने जोडा, पुठ्ठ्यावर फर्मा करा आणि दोन्ही तुकडे त्याच फर्म्याने कापा.

शिवण जीन्सला असते तशी, दोन टिपांची. खालच्या तुकड्याची कड वरच्याच्या १२ मिलिमीटर बाहेर ठेवायची, ती वरच्यावर दुमडून पहिली टीप मारायची. मग तुकडे उघडून शिवण एका बाजूला झोपवायची आणि तिच्यावर दुसरी टीप. सांगायला दोन ओळी, पण हे कापड ओल्या साबणासारखं निसटतं. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा दाबाखाली मागे राहतो, आणि तीन मीटरच्या शेवटी दोन कडांत चांगलं बोटभर अंतर पडतं. टोक कापून बरोबरी करण्याचा मोह आवरा. तसं केलं की बाक एका बाजूला सरकतो आणि झोल कायमचा बसतो.

उपाय असा: कापतानाच दोन्ही कडांवर दर २० सेंमीला जुळत्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर कागदाला लावायची क्लिप. टाचण्या लावायच्याच तर शिवणीत दडतील अशा जागीच, कारण या कापडातलं भोक बुजत नाही. दाबाचा स्क्रू सैल करा. एक हात पुढे, एक मागे ठेवून कापड सारखं ताणून धरा, पण ओढू नका. ओढलं की सुई वाकते. खूण आली की थांबा, जुळली नसेल तर तेवढे टाके तिथेच उसवा. पुढे आपोआप जुळेल अशी आशा ठेवू नका, अंतर वाढतच जातं.

या कामाला साधी काळी पायमशीन मला झिगझॅग मशीनपेक्षा सरस वाटते. तिच्या सुईखालच्या पट्टीला सुईपुरतंच भोक असतं, त्यामुळे पातळ कापड आत खेचलं जात नाही, आणि वेग आपल्या पायात असतो. तरी सुरुवातीला दोन्ही धाग्यांची टोकं मागे धरून ठेवा. सुई ११ किंवा १२ नंबरची, कोरी; शिंप्याकडे बहुधा १६ ची लावलेली असते, ती काढायला लावा. धागा पूर्ण पॉलिएस्टरचा, सुती नको, तो कुजतो. टाका ३ मिलिमीटरचा. बारीक टाके म्हणजे मजबुती हा समज इथे घातक आहे: कापडाला छिद्रांची रांग पडते आणि ताण आला की तिथूनच फाटतं. चुन्या पडत असतील तर वरच्या धाग्याचा ताण कमी करा, आधी चिंधीवर बघून.

शिवण झाली तरी सुईच्या भोकांतून पाणी येतंच. सिलिकॉनच्या कापडावर फक्त सिलिकॉनच चिकटतं; पीयूची टेप किंवा सीलंट वाळून पापुद्र्यासारखं निघतं. खिडक्यांना लावतात ते पारदर्शक सिलिकॉन एक भाग आणि रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन तीन भाग, उघड्यावर आणि आगीपासून लांब ढवळा. टार्प ताणून बांधा आणि अर्ध्या इंची ब्रशने बाहेरच्या बाजूने लावा. थोडं थोडंच बनवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात भांड्यातच दाट होतं. आणखी एक: सिलिकॉन पक्कं होतं ते हवेतल्या ओलाव्याने, उन्हाने नव्हे. कोरड्या दिवसांत वरून सुकलेलं वाटलं तरी दोन दिवस घडी घालू नका. नंतर शिवणीवर टाल्कम पावडर फिरवा, नाहीतर घडीत चिकटतं.

कडांना २ सेंमीची दुहेरी दुमड. नाड्यांच्या जागी आतून त्याच कापडाचं दुहेरी ठिगळ, कोपऱ्यांवर १५ सेंमीचं आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना त्याहून मोठं. १५ मिलिमीटर पट्टीचे फासे, प्रत्येकावर पुढे-मागे टाक्यांची घट्ट टीप. चार कोपरे, दोन आढ्याची टोकं, लांब कडांवर तीन-तीन, आणि उताराच्या मध्यभागी एकेक. हे शेवटचे दोन सोडू नका. मे महिन्यातला वळीव दिशा बदलत येतो, आणि तेव्हा पोटाला बाहेरून ताण देणारी दोरीच कामाला येते. ठिगळाच्या टाक्यांनाही सिलिकॉन लावा.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत खडक आणि मुरूम, खुंटी दोन बोटंही जात नाही; तिथे दोरीला काडी बांधून तिच्यावर दगड रचायचे. काळ्या मातीत उलटं, खुंटी सहज जाते आणि पाऊस पडला की तितक्याच सहज निघते, म्हणून रुंद आणि लांब खुंट्या घ्या. दोऱ्या त्यामुळे प्रत्येकी दोन मीटरपेक्षा आखूड ठेवू नका. गौताळा किंवा पैनगंगा अभयारण्यात मुक्काम करायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.