अकरा सेकंद

माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे. मुलगी शाळेच्या स्टेजवर उभी राहून कविता म्हणते आहे. दुसरं कडवं सुरू होतं तसं चित्र हळूहळू खाली झुकतं, आणि मग पुढच्या रांगेतल्या कुणाचे तरी काळे बूट दिसत राहतात. कविता मागे चालूच असते. अकरा सेकंदांनी फोन दचकल्यासारखा वर येतो, तोवर ती तिसऱ्या कडव्यावर पोचलेली असते.

मी झोपलो होतो हे मला तेव्हा कळलंच नाही. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की अख्खी कविता ऐकली. व्हिडिओ नीट पाहिला तो तीन दिवसांनी. मधल्या एका रात्रीत जे झालं त्यानंतर मला स्वतःच्याच साक्षीवर भरवसा उरला नव्हता.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. माझी नाइट म्हणजे रात्री ८ ते सकाळी ८, ओळीने चार, मग सुट्टी. दिवसा खोलीत चारपाच माणसं असतात, गप्पा असतात, फोन कुणीतरी दुसरंच उचलतं. रात्री मी एकटा. तांबड्या पेशींचे फ्रिज २ ते ६ अंशांवर घुमत असतात, आणि एका कोपऱ्यात प्लेटलेट्सच्या पिशव्या आपल्या पाळण्यात डुलत असतात. प्लेटलेट्सना थंडी चालत नाही आणि स्वस्थ पडूनही चालत नाही; त्यांना खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवावं लागतं, आणि एवढे लाड करूनही त्या साधारण पाचच दिवस टिकतात. रात्री तीनच्या सुमारास त्या पाळण्याकडे एकटक बघायचं नाही, हा माझा नियम आहे. का ते सांगायला नको.

लोकांना वाटतं की नाइटवाल्याचा वेळ जातो. तसं नाही. उलट घरी मी बायकोपेक्षा जास्त तास असतो. पण मी घरी असतो तेव्हा ती कामावर, मुलगी शाळेत. त्या दोघी येतात तेव्हा मी तरी झोपेत असतो किंवा निघायच्या घाईत. आमच्यातले बरेचसे निर्णय फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांवर झालेत, त्यात एक भांडणही आहे. ते चार चिठ्ठ्यांमध्ये सुरू होऊन संपलं आणि आवाज म्हणून कुणी केला नाही.

आवाज हा आमच्या घरातला मोठाच विषय. मुलगी बोलायला लागली तीच हळू आवाजात. ‘बाबा झोपलेत’ हे तिनं शिकलेल्या पहिल्या पूर्ण वाक्यांपैकी एक. एकदा मैत्रिणीकडे खेळायला गेली होती, परत आल्यावर आईला म्हणाली, “त्यांच्याकडे ना, दुपारी पण सगळे मोठ्यानं बोलतात.” तक्रार नव्हती, नवल होतं.

तर तो कार्यक्रम. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाला मी गेलो नव्हतो. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. या वेळी कार्यक्रम सकाळी ११ वाजता होता आणि माझ्या चारपैकी पहिली नाइट त्याच सकाळी संपत होती. मी ठरवलं, जायचं. ८ वाजता सुटलो, घरी आलो, अंघोळ केली, गेलो. संपायला एक वाजला, मग मुलीला मला तिचा वर्ग दाखवायचा होता, तिचा बाक, खिडकीतल्या कुंडीतलं तिनं लावलेलं रोप. ते सगळं पाहिलं. रोप बहुधा मेलेलं होतं, पण ते मी बोललो नाही. घरी येईतो तीन वाजले. पाच वाजता पडलो आणि छताकडे बघत राहिलो. रात्रभर जागलेल्या माणसाला संध्याकाळी का झोप लागू नये याचं नाइटवाल्यांना नेहमी आश्चर्य वाटतं. पण मेंदूतलं घड्याळ आपली ड्यूटी विचारत नाही. ते उजेडावर चालतं, आणि संध्याकाळच्या त्या दोनतीन तासांत तर जागं राहण्याचा त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. चाळीसेक मिनिटं डोळा लागला असेल. निघताना बायकोनं विचारलं, “झोपलास का नीट?” मी म्हटलं, “हो, तीन तास.”

हे खोटं मी इतक्या सहज बोललो की बोललो हेसुद्धा नंतर आठवावं लागलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी २ ला उठलेला मी, त्या रात्रीचे ४ वाजले तेव्हा ३८ तासांत ४० मिनिटं झोपलेलो होतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दारू आणि जागरण यांची एकाच तराजूत तुलना केली होती. १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. २४ तासांनी ते ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलंय. तोंडाला वास आला असता तर गेटवरच्या माणसानं मला आत सोडलं नसतं. झोपेला वास नसतो.

४ वाजून १० मिनिटांनी प्रसूती विभागाचा फोन आला. बाळंतपण झालंय, रक्तस्राव थांबत नाहीये. अशा वेळी घड्याळ वेगळ्या वेगानं धावतं, कारण दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. गट तपासायला वेळ नसेल तर ओ निगेटिव्हच्या पिशव्या आधी द्यायच्या, तशा दोन दिल्या. सॅम्पल आधीच घेतलेलं होतं, ते वॉर्डबॉय देऊन गेला. माझ्यासमोर आणखी एक सॅम्पल पडलेलं होतं, सकाळच्या एका ऑपरेशनचं, घाई नसलेलं. एरवी मी ते बाजूला ठेवलं असतं. त्या रात्री वाटलं, सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरागरा फिरवायचं यंत्र, लावतोच आहे तर दोन्ही उरकून टाकू. चांगल्या कामगाराचा विचार होता तो, म्हणूनच फसवा.

दोन्ही ग्रुपिंग एकाच रॅकमध्ये, एकाखाली एक. ट्यूब बरोबर लावल्या, नंबर बरोबर टाकले, वाचनही बरोबर केलं. फक्त रजिस्टरमध्ये लिहिताना एक ओळ घसरली. बाळंतिणीच्या नावापुढे मी लिहिलं, ए पॉझिटिव्ह.

फ्रिजमधून ए पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या काढल्या आणि क्रॉसमॅच लावला. म्हणजे रुग्णाचा सीरम आणि पिशवीतल्या पेशी एकत्र करून त्यांचं जमतंय का ते बघायचं. पहिली ट्यूब फिरवून बाहेर काढली, हलकेच हलवली. तळाशी घट्ट गुठळी. सुटेना.

इथून पुढच्या सहा मिनिटांचं मी खूप वेळा पोस्टमॉर्टेम केलंय. गुठळी दिसली म्हणजे थांबायचं, मागे जायचं, पहिल्यापासून बघायचं, हे आमच्याकडे नवीन पोरालाही ठाऊक असतं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, सॅम्पल पुरतं गोठलं नसेल, फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना होणारे, धागे राहिले असतील, ते गुठळीसारखेच दिसतात. असं होतं खरंच. पुन्हा फिरवलं. पुन्हा गुठळी. दुसरी पिशवी लावली, तिथेही तेच. मग दुसरा विचार आला आणि तो तर पहिल्यापेक्षाही विद्वान होता: आधीची बाळंतपणं झाली असतील, त्यातून हिच्या रक्तात एखादी वेगळी अँटीबॉडी तयार झाली असेल. हेही होतं. त्यासाठी पॅनल, म्हणजे ती अँटीबॉडी कोणती हे शोधायची तपासणी, लावावं लागेल, त्याला वेळ लागेल, वॉर्डला कसं कळवायचं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. थकलेला मेंदू मठ्ठ होतो असं मला वाटायचं. तसं नाही. माझा मेंदू हुशारच होता, फक्त वळत नव्हता. धरलेल्या वाटेनं तो भराभरा चालला होता आणि वाटेत दिसेल त्याला कारण लावत होता.

मी चुकलो असेन, हा विचार मात्र त्या सहा मिनिटांत एकदाही आला नाही.

फोन वाजला. प्रसूती विभागाच्या सिस्टर. “ओ पॉझिटिव्हच्या दोन झाल्या का तयार?”

“ए पॉझिटिव्ह आहे, सिस्टर. क्रॉसमॅच जमत नाहीये, मी बघतोय.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, “तिच्या फाइलमध्ये ओ पॉझिटिव्ह आहे. दोन ठिकाणी आहे. तुम्ही परत बघा.” आवाजात राग नव्हता. त्यांचीही नाइटच होती.

ट्यूब रॅकमध्येच होत्या. पिशवी बाहेर जाईपर्यंत ट्यूब फेकायच्या नाहीत हा नियम कुणी केला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. तिची रांग पाहिली: अँटी-ए साफ, अँटी-बी साफ, कुठेच गुठळी नाही, म्हणजे ओ. खालच्या रांगेत ए. पाच वर्षांच्या पोराला दाखवलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पुन्हा सगळं केलं, ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या लावल्या, जमल्या. लेबल फोनवर सिस्टरना मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांनी फाइलवरून परत वाचलं. पिशव्या गेल्या. सकाळी कळलं, रक्तस्राव थांबला, बाई शुद्धीवर आहे, बाळ ठीक आहे.

ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त चढलं तर त्याच्याच अँटीबॉडी त्या पेशी शिरांमध्येच फोडायला लागतात. त्यातून मूत्रपिंडं जाऊ शकतात, माणूसही जाऊ शकतो. त्याला अख्खी पिशवी लागत नाही. क्रॉसमॅचनं ते अडवलं असतं, अडवलंच. पण त्या सहा मिनिटांत मी त्या अडथळ्याशी वाद घालत होतो, हे मला ठाऊक आहे. आमच्या नियमात दोन माणसांनी तपासायचं असतं. एकटा असेल तर त्यानंच थोड्या वेळानं पुन्हा तपासायचं. म्हणजे एकाच झोपेला दोनदा विचारायचं.

सकाळी फॉर्म भरला. कुणी सांगितलं नव्हतं, पण भरला. कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ असं आधीच छापलेलं आहे, फक्त खूण करायची. मी खूण केली आणि खाली लिहिलं: ३८ तासांत ४० मिनिटं झोप. वरिष्ठांनी वाचलं आणि म्हणाले, “हे कशाला लिहिलंत? तुमच्यावरच येईल.” माणूस वाईट नव्हे, खरंच काळजीनं म्हणाले. रात्रीला दुसरा माणूस मिळेल का, असं मी विचारलं. बघू, म्हणाले. आमचं रोस्टरही उलटं फिरतं, नाइटनंतर संध्याकाळ, मग सकाळ. शरीराचं घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे त्याला पुढे ढकलणं सोपं आणि मागे ओढणं जड. सकाळ, संध्याकाळ, रात्र असं फिरवलं तर निदान तेवढं तरी हलकं होईल, हेही बोललो. ते मात्र चार महिन्यांनी झालं. दुसरा माणूस अजून ‘बघू’मध्येच आहे.

घरी मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ पाहिला, बूट पाहिले, आणि बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, किंवा धीर देईल. ती चिडली. चुकीवर नाही.

“तू तीन तास झोपलो म्हणालास.”

“तुला काळजी नको म्हणून…”

“तू खरं सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं. आणि कार्यक्रमाच्या आधी विचारलं असतंस तर तिथेही जाऊ दिलं नसतं. म्हणून तू विचारलं नाहीस.”

हे खरं होतं. घरच्यांना दिलेला प्रत्येक दिवस मी झोपेतून कापून देत होतो, आणि वर त्याला प्रेम म्हणत होतो. पैसे त्या खात्यातून जात नव्हतेच. ते एका बाळंतिणीच्या खात्यातून जायचे राहिले. बायको पुढे बरंच बोलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीला कर्करोगाचं संभाव्य कारण म्हटलं आणि २०१९ मध्ये ते पुन्हा कायम केलं, हे तिनं वाचून ठेवलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. सगळ्याचा शेवट फ्रिजवरच्या चिठ्ठीत झाला. तिच्या अक्षरात: दोन नाइटच्या मधला दिवस हा दिवस नाही. त्या दिवशी कार्यक्रम नाही, पाहुणे नाहीत, बँक नाही.

पुढचा कार्यक्रम बरोबर अशाच एका दिवशी आला. मी गेलो नाही. जाड पडदे ओढून, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून साडेसहा तास झोपलो, आणि ती शांत झोप होती असं मी म्हणणार नाही.

उठलो तेव्हा संध्याकाळचे साडेचार झाले होते. मुलगी दाराशी उभी होती, कार्यक्रमाच्याच कपड्यांत. म्हणाली, “बाबा, तुम्हाला म्हणून दाखवू?” पलंगासमोर हात मागे बांधून उभी राहिली आणि कविता म्हणाली, सगळीच्या सगळी, कुजबुजत.

मी म्हटलं, “आता मोठ्यानं म्हण. मी जागा आहे.”

तिनं मान डोलावली, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून पुन्हा म्हटली. तितक्याच आवाजात.