समृद्धीवर निघताय? आधी टायर बघा

दिवाळीत माहेरी नागपूरला गाडीनेच गेलो, समृद्धीवरून. रस्ता इतका सरळ की तासाभरात डोळे जड व्हायला लागतात, म्हणून दर दोन तासांनी थांबायचं म्हणजे थांबायचं, झोप येवो न येवो. आदल्या आठवड्यात ह्यांनी टायरवरचा चार आकडी नंबर दाखवला, २३१७, म्हणजे टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला! नक्षी चांगली होती पण कडेला बारीक भेगा, नखाला लागत होत्या. चारही बदलले, खर्च झाला पण मागे पोरं बसतात हो. हवा गाडी थंड असतानाच चेक करा. लिमिट १२० ची असली तरी आम्ही शंभरच्या आतच. मागे पण सगळ्यांना बेल्ट, सासूबाई आधी नको म्हणत होत्या, पोटावरचा पट्टा खाली कमरेशी नीट बसवून दिला मग काही बोलल्या नाहीत.