बोनाव्हेंचरमधला बाक

"स्मशानात कसलं गं फिरायचं?" अटलांटाहून निघाल्यापासून आईचं हेच चाललं होतं. जॉर्जियातलंच सव्हाना शहर येईपर्यंत चार तास. शेवटी तह झाला: मी आत जाऊन येणार, ती गाडीतच जप करत बसणार.

मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. बोनाव्हेंचर दफनभूमीत गाडी थेट आत जाते.

फाटकातून शिरलो तशी आई पुढे वाकून काचेतून वर बघायला लागली. "वड आहेत का गं?" वड नव्हेत, लाइव्ह ओक. पण चूक तिची नाही. दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यांवरून राखाडी जटा पार माणसाच्या डोक्यापर्यंत लोंबत होत्या. याला स्पॅनिश मॉस म्हणतात. ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही, चक्क अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. झाडाला फक्त लटकून राहते, त्याचा रस शोषत नाही. हे ऐकून आई गाडीतून उतरली. जटा हाताने चाचपून म्हणाली, "काथ्यासारखं लागतंय."

मार्च असल्यामुळे थडग्यांच्या मधून अझेलिया फुलल्या होत्या, गुलाबी आणि पांढऱ्या. पलीकडे उतारावर विल्मिंग्टन नदी. मुळात हा एक मळा होता, गुलामांच्या श्रमांवर चाललेला. 1846 मध्ये तिथे खासगी दफनभूमी सुरू झाली आणि 1907 मध्ये शहराने ती विकत घेतली. संगमरवरी देवदूत, कॉन्फेडरेट (अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे) सेनापती, व्यापारी घराणी, सगळे इथे ऐसपैस पहुडलेत. मळ्यात राबलेल्यांच्या नावाचा एकही दगड मात्र मला दिसला नाही. त्या काळी कृष्णवर्णीयांना पुरायची जागा वेगळी, शहराच्या पश्चिमेला लॉरेल ग्रोव्हच्या दक्षिण भागात. तिथेही जायचं होतं, पण वेळ पुरला नाही, याची रुखरुख आहे.

ग्रेसी वॉटसनपाशी मात्र बराच वेळ गेला. सहा वर्षांची पोर, 1889 मध्ये न्यूमोनियाने गेली. वडील इथल्या एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक होते. जॉन वॉल्झ या शिल्पकाराने फोटोवरून तिचा पुतळा घडवला. बुटाची बटणं, फ्रॉकच्या चुण्या, सगळं दगडात उतरलंय. आता भोवती लोखंडी कुंपण आहे, तरी लोक खेळणी ठेवून जातातच. आई-वडील पुढे हे शहर सोडून गेले, हे मी सांगितलं तेव्हा आईने जप थांबवला. "म्हणजे इथं ही एकटीच?" बस, एवढंच. मग कितीतरी वेळ ती गजांना धरून उभी होती.

निसर्गप्रेमी जॉन म्यूर 1867 मध्ये पायी भटकत इथे पोचला होता. घरून पैसे यायचे होते, खिसा रिकामा. भुतांच्या भीतीने इथे कोणी चोर-चिलट फिरकणार नाही, असा हिशेब करून तो पाच-सहा रात्री इथेच झोपला. आईला हा हिशेब फार आवडला. "हुशार होता मेला."

नदीजवळ कवी कॉनराड एकनचं थडगं आहे. खरं तर थडगं नाहीच, दगडी बाक आहे. शेजारी त्याचे आई-वडील. तो अकरा वर्षांचा असताना वडिलांनी आईला गोळी घातली आणि मग स्वतःला. बाकावर कोरलंय: 'विश्वाचा खलाशी, मुक्काम अज्ञात'. मी अर्थ सांगेपर्यंत आई बाकावर टेकलीसुद्धा. "अगं, थडगं आहे ते!"

"बाक केलाय म्हणजे बसायलाच ना?"

थर्मासमधला चहा आम्ही तिथेच प्यायलो. डोळ्यांना न दिसणारी चिलटं घोट्यांना कडकडून चावत होती. सव्हानाला येणाऱ्याने लांब मोजे आणावेत, हा माझा एकमेव व्यावहारिक सल्ला.

हॉटेलवर आल्या आल्या आईने मला दारातच अडवलं. "कशाला हात लावू नकोस. आधी डोक्यावरून पाणी घे." मी निमूटपणे न्हाऊन आले, मग ती गेली. केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "उद्या निघताना त्या बाकावर पुन्हा जाता येईल का गं? सकाळी किती वाजता उघडतं?"